फुंकून वाळवलेलं रबर

एका घाटाच्या पायथ्याशी एक टायरवाली राहत होती. तिने सांधलेली चीर नंतर मालकालाही शोधून सापडत नसे. लोक म्हणत, तिच्या हातात जादू आहे. जादू कसली, सवय होती. चीर कानशीने खरवडायची, सोल्युशन लावायचं आणि ते वाळेपर्यंत स्वस्थ बसायचं. बोटाची मागची बाजू लावून पाहायची; चिकटली, तर अजून थांबायचं. गिऱ्हाईक राजा असो की राजाचा मेहुणा, तिच्यापुढे कुणाची घाई चालत नसे.

एके सकाळी तिच्या दारात मासळीचा टेम्पो येऊन थांबला. धारदार दगडाने मागचा टायर चिरला होता आणि स्टेपनी आधीच फुटलेली. टेम्पोवाल्याला घाटापलीकडचा बाजार गाठायचा होता. शेजारी बसलेली कोळीण सारखी मागे वळून टोपल्यांकडे पाहत होती. बर्फ विरघळत होता, आणि उशीर झाला तर तिची सगळी मेहनत पाण्यात जाणार होती.

टायरवालीने सोल्युशन लावलं आणि ती रबर भाजायचा साचा तापवायला आत गेली. टेम्पोवाल्याला कुठला धीर! त्याने गाल फुगवून सोल्युशनवर फुंकर मारली, पुन्हा मारली आणि कच्च्या रबराची पट्टी स्वतःच चिकटवून टाकली. ती इतकी सफाईने बसली की त्याला आपल्याच अकलेचं कौतुक वाटलं.

टायरवाली बाहेर आल्यावर त्याने ऐटीत सांगितलं, की मी फुंकून वाळवलंय, आता फक्त भाजा. तिने पट्टीचा कोपरा नखाने उचलला आणि पट्टी ओढली. केळ्याचं साल निघावं तशी पट्टी निघून आली.

टेम्पोवाला भडकला. कोळीण काकुळतीला आली. "बाय, आजच्या दिवस चालवून घे ना. बर्फ संपत आला गो."

टायरवालीला तिची दया आली, पण ती हलली नाही. "फुंकरीची ओल आत राहिलीय, ताई. भाजल्यावर वरून पक्कं दिसेल. पण उतारावर टायर तापला की सुटेल. तेव्हा मी इथे असेन आणि तुम्ही दरीच्या कडेला."

टायरवालीने चीर पुन्हा पहिल्यापासून खरवडायला घेतली. कोळिणीने टोपल्यांवर ओली पोती पसरली. टेम्पोवाला मात्र निघेपर्यंत धुसफुसत राहिला, आणि घाट चढतानाही त्याचं तोंड थांबलं नाही.

पलीकडच्या उतारावर एका वळणाआड म्हशींचा कळप आडवा आला. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला. टेम्पो घसरत घसरत दरीच्या कठड्याला टेकून थांबला. खाली उतरून त्याने मागच्या टायरवर हात ठेवला. टायर चटका बसेल इतका तापला होता, पण भरलेली चीर तसूभरही उकलली नव्हती. त्याने तिथूनच पायथ्याच्या दिशेला हात जोडले.

बाजारात उशीर झालाच. थोडी मासळी नरमली, ती पडेल भावात गेली. पण एक चांगली सुरमई कोळिणीने उरल्यासुरल्या बर्फात राखून ठेवली, आणि परतताना टायरवालीपुढे धरली.

"मावशी," टेम्पोवाला खाली मान घालून म्हणाला, "आज तुमच्यामुळे घरी चाललोय."

टायरवाली हसली. पण सुरमईला हात न लावता ती आधी चाकापाशी उकिडवी बसली, सांध्याच्या कडेने नख फिरवून पाहिलं, आणि खात्री पटल्यावरच तिने मासा घेतला.

तात्पर्य: वरून दिसणारं काम कुणीही नीट करतं, झाकलं जाणारं काम जो तितक्याच निगुतीने करतो, त्याच्या भरवशावर माणसं सुखरूप घरी पोचतात.