अकरा दारांची काठी

त्या मुलखात राई एक होती आणि राखणदार अकरा होते. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथं तर अकरा घरं.

रीत जुनी होती. ज्याच्या दाराशी काठी, त्या दिवशी राईची राखण त्याची. दिवस मावळला की त्यानं काठी पुढच्या दाराशी टेकवायची. शेवटचं दार केरू अस्वलाचं. त्याच्यानंतर फेरी पुन्हा साळिंदराच्या बिळापासून सुरू होई.

बायको गेली, पोरं डोंगरापलीकडे गेली, तेव्हापासून केरूला पाळीचा दिवस बरा वाटे. राईत हिंडताना निदान सातभाई पाखरांचा कलकलाट सोबतीला असे. पण अकरा दिवसांनी येणारी पाळी पुढं पाच दिवसांनी येऊ लागली, मग दोन, मग रोज. संध्याकाळी साळिंदराच्या दारी टेकवलेली काठी सकाळी न्याहारीच्या आत याच्या दारात हजर!

कुणी ती नाकारली मात्र नव्हती. जो तो तिला हळद लावी, हात जोडी, आणि 'आज जरा घाई आहे' म्हणत पुढच्या दाराशी नेऊन ठेवी. काठी अडवून धरणं पाप, हे सगळ्यांना पाठ होतं.

शेवटी केरूनं सभेत गाऱ्हाणं मांडलं.

"काठी कधी कुणाच्या दारी अडली का?" कोल्ह्यानं विचारलं. तो तिथला पंच.

"अडत नाही, तेच तर सांगतोय, दादा."

"मग रीत चाललीय की! उगा नाट लावू नकोस."

"आणि तुझ्यासारखी राखण कुणाला जमतीय, बाबा?" साळिंदर म्हणालं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. काठीला मानाचं घुंगरू बांधायचं ठरलं.

केरू राखत राहिला. तो उगवतीला असला की मावळतीकडे कुणी साल सोली, कुणी मुळं उकरी. माझ्या एका घासानं काय होतंय, राखणदार आहेच, असं प्रत्येकाला वाटे. वर्षं गेली. राईत पाच-सहा झाडं उरली.

एक दिवस केरू घरातच बसून राहिला. कुणीतरी येईल, "केरूभाऊ, बरं नाही का?" म्हणून विचारील, एवढीच त्याची आशा होती. तेवढी एक हाक आली असती तर जन्मभर एकट्यानं राखायला तो तयार होता. दिवसभर त्यानं दाराकडे डोळे लावले. बाहेरून कुरतडण्याचा आवाज येत होता. हाक आली नाही.

दिवस मावळताना तो काठी घेऊन निघाला. राईच्या जागी नुसते बुंधे होते. सातभाईंतलं एकच पाखरू टेकायला जागा शोधत वर घिरट्या घालत होतं. दमलं, खाली आलं, काठीच्या टोकावर बसलं आणि पंखात चोच खुपसून झोपी गेलं.

साळिंदराचं दार दहा पावलांवर होतं. घुंगरू वाजू नये म्हणून केरू काठी उभी धरून तिथंच थांबला.