सुदामचा हप्ता

दानात जमलेल्या पैशातून अण्णासाहेब गुळवणींचा न्यास गरजूंना बिनव्याजी कर्ज द्यायचा. यंदा पैसे वीस जणांपुरते आणि अर्ज आले साठ. तेव्हा अण्णासाहेबांनी भर सभेत साठीपुढच्यांचे सगळे अर्ज बाजूला काढले.

पुढे बसलेल्या तानूबाईंनी विचारलं, "माझाही गेला का? सुपं विणायला बांबू घ्यायचे होते."

"आजी, म्हातारं माणूस मध्येच गेलं तर फेडणार कोण? तरण्यांची ती भीती नाही." अण्णासाहेबांनी वही उघडली. "हा सुदाम बुरूड बघा. वय तेहतीस. दोन वर्षांत एक हप्ता चुकलेला नाही. अशांनाच द्यायला पाहिजे."

"मग यंदाही त्यालाच द्या. वय नियमात बसतंय, हप्ताही चुकत नाही."

"आनंदानं देऊ. कुठाय तो?"

"माझा लेक तो. गेल्या श्रावणात वारला. तेव्हापासून त्याच्या नावानं हप्ता मीच पाठवतेय."

अण्णासाहेबांनी वहीतले सुदामचे हप्ते पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले.

"नाव त्याचंच लिहा," तानूबाई म्हणाल्या, "अंगठा तेवढा माझा घ्या."