रखमाजीने केलेली मनाची तयारी

घरात चोर शिरला तर काय करावे, हे तुम्ही आधी मनाशी ठरवून ठेवले आहे काय? एका गावात रखमाजी नावाचा भोळा गृहस्थ राहत असे. त्याने ठरवून ठेवले होते.

ग्रामदेवीचा चांदीचा मुखवटा जत्रेपर्यंत सांभाळण्याचा मान त्याच्या घराण्याकडे होता. मुखवटा गेला की मानही जाणार. म्हणून त्याची बायको सारजा म्हणाली, "अहो, मी दिवसभर शेतात असते. मनाची तयारी ठेवा. परका माणूस आत शिरला की बाहेरून कडी घाला आणि ओरडा."

रखमाजी देव्हाऱ्यासमोर बसला. डोळे मिटून त्याने ते जपासारखे घोकले. मन तयार झाले.

दुपारी सारजेचे मामा आले. त्यांना त्याने कधी पाहिले नव्हते. त्याने कडी घातली व तो ओरडला. काठ्या घेऊन गाव धावले. मामा आल्या पावली परतले.

"अहो, आधी विचारावं," सारजा म्हणाली. "कोण, कुठले, काय काम. मग पाणी द्यावं."

रखमाजीने तेही घोकले.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचा रेडा आत शिरला. "आपण कोण? कुठले?" रखमाजीने विचारले. रेडा बोलला नाही. रखमाजीने त्याला पाणी दिले. पाणी पिऊन रेड्याने जत्रेची ज्वारी खाल्ली.

"तुम्हाला पण रेड्याशेजारीच बांधायला हवं," सारजा म्हणाली. "जो उत्तर देत नाही, त्याला काठीने बाहेर काढायचं."

रखमाजीने घोकले. मग भिक्षेला एक गोसावी आला. त्याचे मौनव्रत होते. पुढचे सांगायला नको.

सारजेने कपाळाला हात लावला. "देवमाणसावर हात टाकलात. न बोलणारा मौनी असतो. त्याच्या पाया पडावं. बोट दाखवील ते द्यावं."

रखमाजीने कान धरून घोकले.

पुढे एका दुपारी मागल्या दाराने चोर आला. देव्हाऱ्यातली घंटा त्याने कमरेला खोचली, तोच समोर रखमाजी. चोराने तोंडावर बोट ठेवले. रखमाजी ओळखून चुकला. त्याने साष्टांग नमस्कार घातला.

"महाराज, काय देऊ?"

चोराने मुखवट्याकडे बोट दाखवले.

रखमाजीने मुखवटा चोराच्या डोक्यावर ठेवला. पण देवी घरातून निघते ती वाजतगाजत, अशी गावाची रीत. रखमाजी रीत मोडणारा नव्हता. त्याने भंडारा उधळला, गळ्यात हलगी अडकवली आणि चोराला पुढे घालून देवळाची वाट धरली. सारा गाव मागे लोटला. बायका चोराच्या पायांवर पाणी घालू लागल्या. पावलागणिक त्याच्या कमरेत घंटा वाजे. लोक म्हणाले, "सिद्ध पुरुष दिसतो."

सारजा शेतातून धावत आली. "आपली घंटा यांच्याकडे कशी?"

"महाराजांनी बोट न दाखवताच घेतली," रखमाजी म्हणाला. "केवढी कृपा."

पाटलांनी न्याय केला. मुखवटा व मान, दोन्ही रखमाजीच्या घरातून देवळात गेले. चोराला ते म्हणाले, "देवीपुढे खोटं मौन धरलंस. आता खरं धर. जत्रेपर्यंत देवळाचं अंगण झाडायचं, आणि अवाक्षर काढायचं नाही."

चोर मुकाट्याने झाडू लागला. रखमाजीने ते मौन पाहिले.

तेव्हापासून तो रोज सकाळी घरातली एकेक वस्तू घेऊन येई. कधी तांब्याचा हंडा, कधी सारजेचे चांदीचे तोडे. चोराच्या पाया पडून विचारी, "महाराज, आज हे न्याल?"

पाटील ओट्यावर बसून पाहत. चोराला रोज मान हलवून नको म्हणावे लागे. झाडण्याची शिक्षा त्याला कधी जड गेली नाही. या रोजच्या शिक्षेने मात्र तो जत्रेपर्यंत निम्मा झाला.