म्हाळसाबाईंनी डोंगराला वाचून दाखवलं

फार वर्षांपूर्वी, कुसरी नदीच्या खोऱ्यात अजून गाडीरस्ता झाला नव्हता, तेव्हाची ही हकिकत. खोऱ्यात पाच गावं होती. सगळ्यात वर, डोंगराच्या कुशीत, निसरवाडी. सगळ्यात खाली, नदीकाठी, तळसर. त्यांच्या बरोबर मध्ये वाघेरं, आणि इकडेतिकडे आणखी दोन गावं. प्रत्येक गावात एक शाळा आणि प्रत्येक शाळेत एकच मास्तर. पाचही जण एकाच खोऱ्यातलं पाणी पीत, पण शेजारच्या शाळेत काय चालतं हे एकालाही ठाऊक नव्हतं. ज्याचं त्यानं दार लावून शिकवायचं, घंटा झाली की दार उघडायचं.

वाघेऱ्याच्या शाळेत म्हाळसाबाई आल्या. शिंप्याच्या घरातल्या, लहान वयात नवरा गेलेला, शहरात शिकून मास्तरीण झालेल्या. उंचीला एवढ्याशा, पण चालायला लागल्या की घोड्यावरचा माणूस मागं पडे, असं म्हणतात.

त्या काळी लिहिणं म्हणजे कित्ता गिरवणं. मास्तरांनी फळ्यावर ओळ काढायची, पोरांनी तीच पाटीवर उतरवायची. वाघेऱ्याच्या पोरांचं अक्षर मोत्यासारखं होतं. पहिल्याच दिवशी म्हाळसाबाई म्हणाल्या, "आज सकाळी येताना काय पाहिलंत ते दोन ओळींत लिहा."

पोरं फळ्याकडे बघत बसली. फळा कोरा होता. एक मुलगी रडायलाच लागली. "बाई, ओळ कुठाय?"

त्या दिवशी म्हाळसाबाईंना जेवण गेलं नाही, असं म्हणतात. पोरांच्या हातात अक्षर होतं आणि त्या अक्षरानं सांगायला त्यांच्याजवळ काही नव्हतं.

मग त्यांनी एक केलं. वाण्याकडचे पुड्यांचे कागद त्या गोळा करू लागल्या. माहेरून आणलेली कोळशाची इस्त्री त्यावर फिरवायच्या, कागद सपाट व्हायचा. असा एकेक तुकडा रोज प्रत्येक पोराला. दोन ओळी, आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं, दुसऱ्याचं नाही. पहिला महिना पोरं 'गाय पाहिली, झाड पाहिलं' एवढंच लिहीत. बाई विचारत, "कुठली गाय? काय करत होती?" दुसऱ्या महिन्यात एकानं लिहिलं, 'आमची कपिली शिंगानं कडी काढते आणि मग आपण नाही त्यातली असं तोंड करते.' बाई इतक्या हसल्या की वर्गाच्या कौलांवरची कबुतरं उडाली.

दर गुरुवारी वाघेऱ्याचा बाजार भरे. बाकीचे चारही मास्तर मीठमिरची न्यायला यायचे. म्हाळसाबाईंनी त्यांना पिंपळाच्या पारावर बसवलं. सुरुवातीला मास्तर बोलले ते फक्त बदल्यांचं आणि गळक्या छपरांचं. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "या आठवड्यात तुमच्या वर्गात काय जमलं? आणि काय फसलं?"

असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. मग निसरवाडीचे लिंबाजी गुरुजी, वयानं सगळ्यात लहान, लाजत म्हणाले, "मी पोरांना डोळे मिटून बसवलं आणि ऐकू येईल ते लिहायला सांगितलं. निम्म्यांनी स्वतःच्या पोटातला आवाज लिहिला." सगळे हसले. दुसरे एक मास्तर म्हणाले, "माझी पोरं घरातल्या सगळ्यात गप्प माणसाबद्दल लिहितात. मला न विचारता पाठची बाजूसुद्धा भरून आणतात." ज्याला जे जमलं ते दुसऱ्यानं उचललं. पुढं बाईंनी चिंध्यांच्या पाच थैल्या शिवल्या. दर गुरुवारी एका शाळेचे कागद थैलीतून दुसऱ्या शाळेत जायचे, तिथली पोरं वाचायची आणि उत्तर लिहायची. निसरवाडीच्या पोरांनी कधी न पाहिलेल्या तळसरच्या पोरांशी अशी दोस्ती जमवली.

पण तळसरच्या शाळेत होते रंगोपंत. जाड काचांचा चष्मा, मोठा आवाज आणि दौतीत लाल शाई. माणूस वाईट नव्हता. एकाही पोराला मारत नसत. मात्र ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली की त्यांचा जीव कासावीस होई. त्यांच्याकडून परत आलेली थैली उघडली की कागद लालेलाल असायचे. पोरांचं लिहिणं आक्रसत गेलं. चुकू नये म्हणून ती पुन्हा 'गाय पाहिली'वर आली.

म्हाळसाबाई एक दिवस चालत तळसरला गेल्या. एक लाल झालेला कागद त्यांनी रंगोपंतांपुढं धरला.

"पंत, यात काय आहे?"

"अठरा चुका," रंगोपंत म्हणाले.

"त्या मोजल्यात तुम्ही. पोरानं लिहिलंय काय?"

रंगोपंतांनी कागद हातात घेतला. चष्मा पुसला. त्यांना सांगता येईना. त्यांनी तो कागद तपासला होता, वाचला नव्हता.

"त्याची आजी गेली हो," म्हाळसाबाई हळूच म्हणाल्या. "ते लिहिलंय. चुका जरूर दाखवा, मी नको म्हणत नाही. पण आधी त्यानं काय सांगितलं ते ऐका, मग शाईत टाक बुडवा."

रंगोपंतांचा अपमान झाला. "बाई, शुद्ध लिहिता येत नसेल तर सांगून उपयोग काय?" ते म्हणाले आणि वर्गात निघून गेले. पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, असं म्हणतात.

त्या वर्षी श्रावणात पाऊस असा लागला की नऊ दिवस कुणाला आपली सावली दिसली नाही. निसरवाडीचे लिंबाजी गुरुजी तापानं अंथरुणाला खिळले होते. पण पोरं हुशार. गुरुजी नसतानाही ती रोज शाळेत जमून लिहीत होती. गुरुवारी त्यांनीच कागद थैलीत भरले आणि बाजाराला निघालेल्या माणसाबरोबर धाडून दिले. थैलीची पाळी तळसरची होती.

शुक्रवारी सकाळी रंगोपंतांनी थैली उघडली. ठमी नावाच्या मुलीचे तीन कागद वर होते, प्रत्येकावर वार घातलेला. त्यांनी लाल शाईत टाक बुडवला. पहिल्या कागदावर होतं, 'आमच्या गोठ्यामागं जमीन ऊलली आहे. तीत माझं बोट जातं.' रंगोपंतांनी 'ऊलली'भोवती गोल केला. दुसऱ्यावर होतं, 'आज भेगेत माझा हात गेला.' इथं चूक नव्हती. तिसऱ्यावर होतं, 'आज बाबाची काठी आख्खी गेली. पाणी भेगेत शिरतं. बाहेर कुठं येत नाही.'

टाकाचा थेंब कागदावर पडला. रंगोपंतांना बाईंचा प्रश्न आठवला. पोरीनं लिहिलंय काय? शुक्रवारी बोट, सोमवारी हात, बुधवारी काठी. आणि एवढं पाणी डोंगराच्या पोटात जाऊन बसलंय.

ते उठले ते तसेच. जोडे घातले नाहीत, छत्री घेतली नाही. जन्मात कधी न धावलेला तो जाडजूड माणूस कागदांची थैली छातीशी धरून धावत घाट चढू लागला. असं म्हणतात की ओढ्यांचं पाणी त्यांच्यापुरतं गुडघ्याएवढं झालं आणि ते पलीकडे गेल्यावर पुन्हा पुरुषभर चढलं. वाघेऱ्याला पोचले तेव्हा त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "काठी!"

म्हाळसाबाईंनी कागद वाचले. पदर खोचला. दोघं निसरवाडीकडे निघाले.

निसरवाडीत चाळीसेक घरं. माणसं देवळापुढं जमली. ठमीचा बाप बुधा म्हणाला, "मास्तरीणबाई, आमच्या पंज्यापासून हितं घर हाय. पोरीनं दोन वळी लिवल्या म्हून आमी घरदार सोडायचं?"

"माझं ऐकू नका," बाई म्हणाल्या. "तुमच्याच पोरांचं ऐका. थैलीतल्या कागदांवर काय आहे ते ऐका आणि मग ठरवा."

ठमी पुढं आली. तिनं तिचे तीन कागद वाचले. माणसं चुळबुळली. मग एक मुलगा उठला. त्यानं वाचलं, 'आमचा झरा परवापासून गढूळ येतो. आई म्हणते असं कधी नव्हतं.' मग आणखी एक. 'देवळामागचा आंबा तिरका झाला आहे. मी म्हटलं तर सगळे हसले.' मग सगळ्यात लहान मुलगी, 'आमचे बैल गोठ्यात जात नाहीत. बाबानं मारलं तरी जात नाहीत.'

एकेकट्यानं पाहिलं तेव्हा ते एवढंसं होतं. एकापाठोपाठ एक वाचलं तेव्हा सगळ्यांच्या अंगावर काटा आला. जणू डोंगरच पोरांच्या तोंडून बोलत होता. गावातली सगळ्यात म्हातारी राहीआजी काठी टेकत उठली. तिनं आपली कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेतली आणि ओढ्यापलीकडच्या पठाराकडे चालू लागली. मग बुधानं दावी सोडली. मग सगळं गाव हललं.

पुढची गोष्ट खोऱ्यातले लोक आवाज खाली आणून सांगतात. गाव निघालं तेव्हा डोंगर कण्हायला लागला. माणसांची पळापळ होणार, बायापोरं चिखलात तुडवली जाणार, असं झालं. तेव्हा म्हाळसाबाई डोंगराकडे तोंड करून देवळाच्या पायरीवर बसल्या आणि मोठ्यानं पोरांचे कागद वाचू लागल्या. त्या वाचू लागल्या आणि डोंगराचं कण्हणं थांबलं. डोंगर ऐकू लागला. इतकी वर्षं त्याच्या अंगाखांद्यावर राहून त्याच्याबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं. करवंदं कुठं लवकर पिकतात, कुठल्या कड्यावर आरोळी दिली की दोनदा परत येते, ढग उतरला की बकऱ्या कशा नाहीशा होतात, सगळं त्या कागदांवर होतं. बाई वाचत होत्या, डोंगर ऐकत होता आणि लोक शांतपणे ओढा ओलांडत होते.

थैली रिकामी झाली. अजून अंथरुणाला खिळलेली माणसं न्यायची राहिली होती. लिंबाजी गुरुजीही त्यांतच. डोंगर पुन्हा कुरकुरला. तेव्हा ठमी आणि पाचसहा मोठी पोरं देवळाच्या ओट्यावर बसली आणि वाचून झालेल्या कागदांच्या पाठीवर भराभर नवं लिहू लागली. एक कागद बाई वाचत, तोवर दुसरा तयार. लिहिता लिहिता पोरांची बोटं आखडली. बाईंनी मान न वळवता हाक मारली, "पंत, तुम्ही लिहा!"

"मी?" रंगोपंत म्हणाले. "बाई, मी आयुष्यात अर्ज सोडून काही लिहिलेलं नाही."

"मग आज लिहा. जे दिसतंय ते."

"पोरांनो, जा तुम्ही," रंगोपंत म्हणाले आणि ठमीच्या हातातली पेन्सिल घेतली. पोरं ओढ्याकडे पळाली. गावातून लिंबाजी गुरुजींची डोली निघाली होती. रंगोपंतांनी लिहिलं, म्हाळसाबाईंनी वाचलं:

'मी तळसरचा मास्तर. मला फार भिती वाटते आहे. डोलीत लिंबाजी आहे, तो ओढ्याच्या मधोमध आहे. आता तो पलिकडे पोचला. मी आजवर पोरांच्या चुका पाहिल्या, पोरं पाहिली नाहीत. डोंगरा, आणखी थोडा थांब.'

डोंगर थांबला. बाई आणि रंगोपंत हात धरून ओढ्यात उतरले, पलीकडे चढले आणि मग सूर्य मावळताना अर्धा डोंगर खाली बसला. मोठ्या आवाजात नाही, असं म्हणतात. दिवसभर उभं राहिलेला म्हातारा जसा हळूच बसतो, तसा. घरं गेली. देऊळ गेलं. माणूस एकही गेला नाही, राहीआजीची एक कोंबडीसुद्धा नाही.

पठारावर सगळे भिजत उभे होते. रंगोपंतांचा तो कागद बाईंच्या मुठीत राहिला होता. रंगोपंतांनी तो मागून घेतला, पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"बाई, यात दोन चुका आहेत. 'भिती' ऱ्हस्व झालंय. 'पलिकडे'सुद्धा."

"असू देत," म्हाळसाबाई म्हणाल्या. "ज्याला कळायचं त्याला कळलं."

रंगोपंत तिथंच चिखलात बसले आणि लहान पोरासारखे हसले, आणि हसता हसता रडले.

गाव पठारावर नव्यानं वसलं. लिंबाजी गुरुजी बरे झाले. ठमी पुढं शिकली आणि त्याच खोऱ्यात मास्तरीण झाली. रंगोपंत म्हातारपणीही दर गुरुवारी पारावर येत राहिले. सगळ्यांत आधी तेच विचारत, "काय जमलं? काय फसलं?" म्हाळसाबाई खूप जगल्या. त्या गेल्या तेव्हा पाचही गावांची पोरं आली होती, आणि उरलेला डोंगर त्या दिवशी ढगात तोंड लपवून बसला होता, असं म्हणतात.

आता खोऱ्यात रस्ता आहे, शाळांना पक्क्या इमारती आहेत, मास्तर मोटारसायकलवर येतात. तरी दर श्रावणात एक शुक्रवार नव्या निसरवाडीत म्हाळसाबाईंचा दिवस पाळतात. हार नाही, भाषण नाही. पाच शाळांचे शिक्षक पोरांचे कागद घेऊन येतात आणि आपल्या वर्गातल्या युक्त्या एकमेकांना देतात. दुपारी शिक्षक सतरंजीवर बसून स्वतः लिहितात, आणि ते कागद पोरं वाचतात.

गेल्या वर्षी तळसरला एक नवे गुरुजी रुजू झाले होते. शहरातून आलेले, थोडे बुजलेले. त्यांनी आपल्या गावाकडच्या धाकट्या बहिणीबद्दल पाच ओळी लिहिल्या आणि तिसरीतल्या एका मुलीच्या हातात कागद दिला. मुलीनं ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग कागद परत करत म्हणाली,

"गुरुजी, ती रुसून माळ्यावर जाऊन बसली, मग पुढं काय झालं?"

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, कागद पालटला आणि पुढं लिहायला घेतलं.