अर्धा हौदा

“पण थांबायचं कधी, हे तुम्हाला कसं कळतं?”

शिरीष कवठेकरांनी हिंदुराव वस्तादांना विचारलं. शहरातल्या साऱ्या व्यायामशाळा पालथ्या घालून ते शेवटी या जुन्या तालमीत आले होते. प्रश्न मात्र सगळीकडे हाच.

वस्ताद पायरीवर बसून भिजवलेले बदाम सोलत होते.

“बसा की,” ते म्हणाले.

शिरीष बसले. त्यांची बोटं आपसूक मनगटावर गेली, नाडीवर. हेमंत गेल्यापासून ती तिथंच असायची.

तो दिवस इतर दिवसांसारखाच उजाडला होता. शिरीष गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. तुळशीचं झालं होतं, मोगऱ्याकडे वळले होते, तेवढ्यात फोन वाजला. धाकटा भाऊ हेमंत व्यायाम करता करता कोसळला होता. दवाखान्यात नेईपर्यंत…

झारी कितीतरी वेळ हातातच होती.

त्याला शिकवणारा ट्रेनर काही वाईट माणूस नव्हता. नंतर घरी येऊन रडला. नेहमीसारखं म्हटलं, आणखी एक, सर, आणि सर हसले, आणि त्यांनी उचललं, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. हेमंतच्या बायकोनं त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

हेमंत होताच तसा. पंगतीत वाढप्यापुढे त्यानं कधी हात आडवा धरला नाही. शिरीष त्याला हसायचे, आणि स्वतःच्या पानात पडलेलं मुकाट्यानं संपवायचे.

पुढे डॉक्टरांनी शिरीषना तपासलं. हृदय धडधाकट होतं. साखर मात्र वाढलेली, वजनही. अंग हलवलं नाहीत तर पुढचं कठीण आहे, असं त्यांनी बजावलं होतं. आणि इथे जिना चढतानाही शिरीषना धाप लागायच्या आधी धास्ती लागायची. व्यायाम केला तरी भीती, न केला तरी भीती.

म्हणून हा शिक्षकाचा शोध. सगळी नोकरी लेखापरीक्षणात झाली होती. माणूस पारखण्यात आपण कमी पडणार नाही, याची त्यांना खात्री होती. एकानं ठोके मोजणारं घड्याळ दाखवलं. एकानं भिंतीवरची प्रमाणपत्रं दाखवली. एक म्हणाला, माझं तुमच्यावर सतत लक्ष असेल. शिरीष तिथूनच उठले. लक्ष तर हेमंतवरही होतं.

“वस्ताद, तुम्ही उत्तर दिलं नाहीत.”

“काय सांगू? मला न्हाई कळत.”

“म्हणजे?”

“तुमच्या छातीत काय चाललंय, ते मला हितनं कसं दिसणार?”

“मग कशाच्या भरवशावर मी तुमच्याकडे यायचं?”

“येऊ नका.”

वस्तादांनी एक बदाम सोलून वाटीत टाकला.

“साहेब, वस्ताद बघायलाय का जावई? मघाधरनं नुसतं विचारायलाय.” आणि त्यांनी भिंतीकडे बोट केलं. “ते फावडं घ्या. हौदा खणायचाय.”

परीक्षा असणार, असं समजून शिरीषनी पँट दुमडली आणि ते कुस्तीच्या लाल मातीच्या त्या हौद्यात उतरले. मातीला ताकाचा आणि तेलाचा वास होता. त्यांनी खणायला सुरुवात केली. नाडी बघावीशी वाटत होती, पण दोन्ही हात फावड्यात गुंतलेले.

“आणखी,” वस्ताद म्हणाले.

शिरीष खणत राहिले. मान भिजली. ठोके कानात ऐकू येऊ लागले.

“आणखी.”

त्यांनी चोरून वर पाहिलं. बदाम सोलणं थांबलं होतं. वस्ताद मातीकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

आता पुरे म्हणतील, शिरीषना वाटलं. त्या कोपऱ्यापर्यंत गेलो की म्हणतील.

कोपरा आला…

“आणखी थोडं, साहेब.”

आवाजात जरब नव्हती. आग्रह होता, पंगतीतला. आणि शिरीषच्या ओठांवर हसू आलं. नको म्हणता येत नाही तेव्हा येतं, तसं.

ते हसू त्यांना आतून ओळखीचं वाटलं. हेमंतही असाच हसला असणार. फावडं अर्धं उचललेलं होतं… त्यांनी ते खाली ठेवलं. आणि समोर पान असावं तसा हात आडवा धरला.

“बास. आता मला होणार नाही.”

आता टोमणा येणार, म्हणून ते खाली मान घालून उभे राहिले.

वस्ताद उठले. मातीला हात लावून कपाळाला लावला, आत उतरले आणि शिरीषच्या पाठीवर तळवा ठेवून त्यांना काठावर बसवलं. बदामाची वाटी पुढे केली. श्वास हळूहळू खाली बसला. शिरीषचे हात मांडीवर, मातीनं माखलेले, नुसते पडून होते.

“वस्ताद,” ते म्हणाले, “मग मी शिक्षक निवडायचा तरी कसा?”

वस्तादांनी फावडं उचललं, झटकलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. मग हौद्याकडे पाहिलं.

“अर्धा खणायचा राहिलाय. उद्या या.”