येसूची इवलीशी घंटा

जिथे थकलेले ढग जमिनीवर येऊन बसतात, अशा एका डोंगराच्या पायथ्याशी एका ओताऱ्याचं घर होतं. त्या घरात येसू नावाची लहानगी मुलगी आणि तिचे आबा राहायचे. आबा धातू वितळवायचे, मातीच्या साच्यात ओतायचे आणि घंटा घडवायचे. पण भट्टीच्या धुराने त्यांचे डोळे अधू झाले होते. काम फारसं मिळत नसे. चुलीवर कधी पातळ पेज शिजायची, तर कधी नुसतंच पाणी उकळायचं.

येसूला आई नव्हती. मागच्या हिवाळ्यात आई लाकडं आणायला डोंगरावर गेली, आणि राखाडी, ओलं, गच्च धुकं उतरलं. गावाची जुनी घंटा त्याआधीच तडकली होती. घंटा वाजली असती, तर तिच्या आवाजामागून आई खाली आली असती. पण घंटा वाजली नाही आणि आई आली नाही.

तेव्हापासून आबांना नव्या घंटेचा ध्यास लागला. गावाने फुटकी भांडी, मोडक्या कड्या, जुनी बिजागरं आणून दिली. आबांनी ती सगळी वितळवून घंटा ओतली. येसूने हळूच टोला दिला.

ठप्प!

ओल्या भिंतीवर काठी मारावी, तसा आवाज.

"यात शिसं आलंय, जस्त आलंय, आणखी काय काय आलंय," आबा खालच्या आवाजात म्हणाले. "घंटेला कासं लागतं, येसू. चोख तांबं, आणि त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढं चोख कथील. ते आपल्याला कोण देणार?"

"मी शोधून आणते, आबा," येसू म्हणाली. तिने खांद्याला झोळी अडकवली आणि ती रानात शिरली.

रान उदास होतं. झाडांच्या शेंड्यांवरून थेंब गळत होते. पाखरं गप्प बसली होती. चालता चालता येसूला ओढ्याकाठी मोरपिशी झाक असलेला एक हिरवानिळा दगड दिसला, आणि त्या दगडावर बसली होती एक पिटुकली परी! तिचे पंख तांब्याच्या पातळ पत्र्यासारखे लाललाल झळकत होते. पंखांच्या कडा हिरव्या ज्योतीसारख्या लुकलुकत होत्या. केस मात्र पांढरेशुभ्र, चांदण्यासारखे.

"ये, येसूबाळ," परी म्हणाली. "डोंगराच्या पोटातल्या धातूंची मी राखण करते. तुला दोन गोष्टी मागता येतील."

येसूला क्षणभरही विचार करावा लागला नाही. "मला माझी आई दे."

परीचे पंख मिटले. "माझ्या हाती दगडमाती आहे, बाळ. माणसं नाहीत."

 येसूने बाहीने डोळे पुसले. "मग घंटेसाठी चोख तांबं दे. आणि चोख कथील दे."

"देते. पण नीट ऐक. एकदा दिलेली गोष्ट मी पुन्हा देत नाही. वाटेत सांडलंस, हरवलंस किंवा कुणाला देऊन टाकलंस, तरी परत मागायला यायचं नाही."

"नाही येणार."

परीने हिरव्यानिळ्या दगडाला इवलंसं बोट लावलं. दगडातून लालबुंद थेंब टपटप गळले आणि त्यांच्या गोळ्या झाल्या. ते तांबं होतं. मग परीने ओढ्यातली काळी, जड वाळू ओंजळीत घेतली आणि तिच्यावर फुंकर घातली. वाळूतून एक पांढरी, मऊ कांडी निघाली. परीने ती जराशी वाकवली. कांडी बारीक आवाजात कुरकुरली.

"चोख कथील असं रडतं," परी म्हणाली. "आबांच्या कानाशी धर. त्यांना कळेल."

झोळी जड झाली, पण येसूचे पाय हलके झाले. ती झपझप निघाली. वाटेत धनगरांची वाडी लागली. एरवी तिथे पोरांचा कलकलाट असायचा. आज मात्र कण्हण्याचे आवाज येत होते. एका झोपडीच्या दारात ठकूआजी डोक्याला हात लावून बसली होती.

"काय झालं, आजी?"

"काय सांगू, पोरी! आईबाप मेंढरं घेऊन वर गेलेत. वाडीची सगळी पोरं माझ्या पदरात टाकून गेलेत. ताकाची कढी केली, तर पोरांना उलट्या सुरू झाल्या."

येसूने तांब्याचं ते भलंमोठं पातेलं वाकून पाहिलं. आतली कल्हई पार उडाली होती. कढीला हिरवट झाक आली होती.

"आजी, उघड्या तांब्याने कढी कळकलीय. या पातेल्यात काही शिजवू नका."

"मग कशात शिजवू, बाय? माझ्यापाशी एवढं एकच भांडं आहे. कल्हईवाला या वाटेला फिरकत नाही."

येसूने झोळी घट्ट धरली. आत कथील होतं, कल्हईला लागतं तेच. बाहेर डोंगर होता, आणि डोंगरावर धुकं केव्हाही उतरणार होतं. एक छोटुला पोरगा भिंतीला टेकून थरथरत होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते. येसूला रडू कोसळलं. रडत रडतच तिने कांडी बाहेर काढली.

"आजी, चूल पेटवा. कल्हईला नवसागर आहे का? आणि कापूस?"

तिने पातेलं घासलं, तापवलं, त्यात कथील फिरवलं. पातेलं आतून चंद्रासारखं उजळलं. आजीने त्यात पाणी उकळलं, पेज केली, आणि पोरं घोटघोट प्यायला लागली. येसूच्या हातात कथिलाचा बोटभर तुकडा उरला.

घरी आल्यावर तिने आबांना सगळं सांगितलं. आबांनी तो तुकडा कानाशी धरून वाकवला. तो बारीकसा रडला.

"चोख आहे," आबा म्हणाले. "पण एवढ्यात गावाची घंटा होणार नाही, बाळा."

"केवढी होईल?"

आबांनी मूठ मिटून दाखवली. "एवढीच."

"मग एवढीच करू, आबा. पण त्यात दुसरं काही मिसळायचं नाही."

येसूने भाता ओढला. मुशीत तांबं लाल झालं, पिवळं झालं, त्याच्यात कथील विरघळलं. आबांनी नुसत्या सवयीने साच्यात धार सोडली, तिचा एक थेंबही सांडला नाही. साचा फोडला, तेव्हा आत मुठीएवढी, सोनसळी, इवलीशी घंटा होती. गावकरी तिला बघायला जमले. एकाने नकारार्थी मान हलवली.

आणि त्याच दुपारी धुकं उतरलं. वर धनगर होते, मेंढ्या होत्या. खाली वाडीतून ठकूआजी वर गेलेल्या आपल्या मुलाला हाका मारत होती, "बिरू! अरे बिरू!" हाका धुक्यात बुडून जात होत्या.

येसूने घंटा टेकाडावरच्या झाडाला बांधली आणि दोरी ओढली.

किणंऽऽऽ!

आवाज सुईसारखा बारीक होता. तो धुक्यातून आरपार गेला. येसू वाजवत राहिली. हळूहळू करड्या धुक्यातून एक मेंढी आली, मग एक माणूस, मग आणखी माणसं. ठकूआजीचा बिरूही आला. येसू प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होती. प्रत्येक वेळी तिची मान खाली जात होती.

तेवढ्यात फांदीवर लाल पंख झळकले.

"कथील देताना रडली होतीस ना?" परीने विचारलं.

"हो."

"तरीही दिलंस. आता मी तुला न मागता देते. ओढ्याकाठचे दगड आणि काळी वाळू यापुढे तुझा हात ओळखतील. तुझ्या घरी चोख धातू कधी कमी पडणार नाही. उद्या आबांना मोठी घंटा ओतायला सांग."

येसूने हळूच विचारलं, "हा आवाज आईला ऐकू जात असेल का?"

परी तिच्याशी खोटं बोलली नाही. "ते मला माहीत नाही, बाळ," ती म्हणाली आणि तिने येसूच्या ओल्या गालाला इवलासा हात लावला. मग तिचे पंख उजळले, कडांची हिरवी ज्योत मोठी मोठी होत गेली, आणि परी त्या उजेडातच विरून गेली. तो उजेड डोंगरभर पसरला. क्षणभर धुकं फाटलं आणि वरपर्यंतची वाट लख्ख दिसली. वाटेच्या आजूबाजूला अजून कितीतरी मेंढ्या चुकलेल्या होत्या.

आबा चाचपडत टेकाडावर आले. त्यांनी येसूच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून दोरी ओढली. शेवटची मेंढी खाली येईपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.