पहिला कचरा

इस्पितळात रणपिसेसाहेब प्रशासक म्हणून आले आणि आल्या दिवसापासून त्यांच्या पायाला भिंगरी. संगणक कक्षात डेटाबेस सांभाळणाऱ्या वैजयंतीच्या स्क्रीनवर वाकून ते गरजले, "हे एफ एफ डी आठ काय लावलंय? याला शेवटच नाही! वाचता न येणारा सगळा कचरा आजच्या आज पुसा."

तो कचरा म्हणजे आठ हजार रुग्णांचे एक्स-रे होते. डेटाबेस प्रत्येक चित्र असंच, एफ एफ डी आठपासून सुरू होणाऱ्या आकड्या-अक्षरांत दाखवायचा. ती समजावू लागली, तर साहेब म्हणाले, "मला शिकवू नका."

"बरं साहेब. तेवढा लेखी हुकूम द्या."

साहेबांनी उभ्या उभ्या लिहून सही ठोकली. वैजयंतीने कागद स्कॅन केला, त्याच डेटाबेसमध्ये टाकला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"पुन्हा एफ एफ डी आठ! हाही कचराच!"

"हा तुमचा हुकूम आहे, साहेब. वाचता येत नाही, म्हणजे पहिला हाच पुसायचा. मग बाकीचे कोणाच्या हुकमाने पुसू?"

साहेब पहिल्यांदाच एका जागी थांबले. वैजयंतीने एक बटण दाबलं. आकडे गेले, साहेबांची सही उमटली.

"हे असं उघडतं?" साहेब पुटपुटले. "मग आधी का नाही उघडलंत?"

"तुम्ही पुसायला सांगितलंत, साहेब. उघडायला कुठे सांगितलंत?"